नारायण मेघाजी लोखंडे

नारायण मेघाजी लोखंडे (१८४८ – ९ फेब्रुवारी १८९७) हे भारतीय कामगार चळवळीचे जनक मानले जाणारे समाजसुधारक, संपादक आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. मुंबईतील गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळवून देण्यात त्यांचा प्रमुख वाटा होता.

पूर्वायुष्य

लोखंडे यांचा जन्म गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. त्यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर येथील. शिक्षण ठाणे येथे झाले. आरंभी त्यांनी रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी केली. पुढे मुंबईतील मांडवी येथील कापड गिरणीत ते भांडारपाल झाले. गिरणीतील जीवन त्यांना येथेच जवळून पाहता आले. कामाचे तास सूर्योदय-सूर्यास्तावर ठरत, पगार महिनोन्‌महिने तुंबत आणि यंत्रात हात गेलेल्या कामगाराची जबाबदारी कोणीही घेत नसे. नोकरी मिळणे व टिकणे हे मुकादमाच्या, म्हणजे जॉबरच्या, मर्जीवर अवलंबून असे.

दीनबंधू

कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधू’ हे सत्यशोधक विचारांचे पत्र बंद पडले होते. ते १८८० मध्ये लोखंडे यांनी मुंबईहून पुन्हा सुरू केले आणि मृत्यूपर्यंत त्याचे संपादन केले. शेतकरी व कामगार यांच्या गाऱ्हाण्यांना या पत्रामुळे हक्काची जागा मिळाली. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधू’त प्रसिद्ध झाली, मात्र पुढील प्रकरणे छापण्यास लोखंडे धजले नाहीत. यामुळे फुले त्यांच्यावर नाराज झाले. सरकारशी थेट संघर्ष टाळून अर्जविनंत्यांच्या मार्गाने सुधारणा घडवण्याकडे लोखंडे यांचा कल होता.

बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन

१८८१ च्या कारखाना कायद्याने मुख्यतः बालकामगारांना संरक्षण दिले होते. या कायद्याच्या फेरविचारासाठी मुंबई सरकारने १८८४ मध्ये आयोग नेमला. तेव्हा लोखंडे यांनी २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा भरवली आणि ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ची स्थापना केली. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगाला देण्यात आले. त्यात पाच मागण्या होत्या :

• दर रविवारी सुटी मिळावी.
• दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती असावी.
• काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे.
• मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपूर्वी मिळावा.
• अपघातग्रस्त कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची तरतूद असावी.

साप्ताहिक सुटीचा लढा

१८८४ च्या निवेदनानंतरही सुटी मिळाली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथील सभेस सुमारे १०,००० कामगार जमले. या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. गिरण्यांच्या रीळ भरण्याच्या व सूत गुंडाळण्याच्या खात्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने काम करीत. त्यांचे म्हणणे त्यांनीच मांडावे, ही त्या काळी नवी गोष्ट होती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली.

त्याच वर्षी नेमलेल्या कारखाना कामगार आयोगाच्या कामात लोखंडे यांनी मुंबईच्या कामगारांच्या वतीने साहाय्य केले. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी व मधली विश्रांती बंधनकारक केली. स्त्रियांच्या कामास ११ तासांची आणि ९ ते १४ वर्षांच्या मुलांच्या कामास ७ तासांची मर्यादा घातली.

सामाजिक कार्य

विधवांच्या केशवपनाला विरोध म्हणून १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी हे काम न करण्याचा निर्धार केला. त्यामागे लोखंडे यांची प्रेरणा होती. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर त्यांनी राणीच्या बागेत दोन्ही समाजांचा एकता मेळावा घेतला. सरकारने १८९५ मध्ये त्यांना ‘रावबहादूर’ हा किताब दिला.

मृत्यू

मुंबईत प्लेगची साथ पसरली असता रुग्णसेवा करताना त्यांना संसर्ग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात सावित्रीबाई फुले यांचाही पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना मृत्यू झाला.

मूल्यमापन

असोसिएशनला नियमित सभासदत्व, वर्गणी वा लिखित नियम नव्हते. त्यामुळे ती आजच्या अर्थाने कामगार संघटना नव्हती, असे अनेक अभ्यासक मानतात. समतेच्या दृष्टीनेही तिच्या मागण्यांना मर्यादा होती. गिरण्यांच्या विणकाम खात्यात तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे. विटाळाच्या कल्पनेमुळे अस्पृश्य कामगारांना या अधिक मजुरीच्या खात्यात प्रवेश नव्हता. १८८४ च्या पाच मागण्यांत या भेदाचा उल्लेख नाही. हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी ठामपणे पुढे आणला.

१८८१ व १८९१ चे कायदे यंत्रशक्तीवर चालणाऱ्या मोठ्या कारखान्यांपुरते होते. गोंदिया-भंडारा भागात तेंदूपानावर वाढलेल्या विडी उद्योगासारखी हातकामाची क्षेत्रे या चौकटीत बसत नव्हती. तत्कालीन मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९३७ च्या कायद्याने मोठ्या विडी कारखान्यांना नियमांखाली आणले. विडी कारखान्यांतील साप्ताहिक सुटीची देशव्यापी तरतूद १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने झाली. लोखंडे यांनी मुंबईच्या गिरण्यांसाठी मागितलेला विसावा इतर कष्टकऱ्यांपर्यंत पोहोचण्यास असा दीर्घ काळ लागला.

सन्मान

भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रसिद्ध केले. मुंबईतील परळ येथील राज्य शासनाच्या श्रम विज्ञान संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले आहे.