रमाईंचे कष्ट कोणत्या हजेरीपटावर?

माता रमाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा, दापोलीजवळच्या वणंदचा. बाबासाहेब परदेशी शिकत असताना त्यांनी गोवऱ्या थापून परळच्या चाळीत संसार रेटला. आजारी लेकरांची उस्तवार केली. चार लेकरे गमावली. २७ मे १९३५ रोजी राजगृहात त्यांचे निधन झाले.

आम्ही त्यांना त्यागमूर्ती म्हणतो. पण घरच्या सेवेचे मोल आजही कोण देतो? महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, अशी तरतूद झाली. मात्र जव्हारच्या शिरपामाळ परिसरातील एखादी आदिवासी बाई अंथरुणाला खिळलेल्या सासूला सोडून कामावर जाऊच शकत नसेल, तर तिला ना मजुरी, ना भत्ता. रमाईंच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या आम्ही तिच्या या कष्टाचा मोबदला मागितलाच पाहिजे.