मल्लप्पा धनशेट्टी

मल्लप्पा धनशेट्टी (मृत्यू : १२ जानेवारी १९३१, येरवडा, पुणे) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक आणि सोलापूरच्या चार हुतात्म्यांपैकी एक होते. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत ते सोलापुरातील काँग्रेसचे कार्यकर्ते म्हणून परिचित होते.

== पार्श्वभूमी ==
कापडगिरण्यांमुळे सोलापूर हे कामगारांचे शहर बनले होते. माणिकचंद शहा नगराध्यक्ष असताना ६ एप्रिल १९३० रोजी, म्हणजे दांडी येथे मिठाचा कायदा मोडला गेला त्याच दिवशी, नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकविण्यात आला. ब्रिटिश राजवटीत राष्ट्रध्वज उभारणारी ही देशातील पहिली नगरपालिका मानली जाते. शहरातील चळवळीला त्यामुळे लोकनियुक्त संस्थेचे पाठबळ मिळाले.

== रूपाभवानी येथील घटना ==
महात्मा गांधींच्या अटकेची वार्ता येताच शहरात हरताळ सुरू झाला. ८ मे १९३० रोजी भवानी पेठेलगतच्या रूपाभवानी मंदिर परिसरात सत्याग्रहींनी मद्यपानाच्या निषेधार्थ शिंदीची झाडे तोडली. काहींना अटक होताच त्यांच्या सुटकेसाठी मोठा जमाव जमला. जिल्हाधिकारी नाईट जमावाच्या रोषात सापडले असता धनशेट्टी यांनी लोकांना आवरले आणि त्यांचे प्राण वाचविले, अशी हकीकत सोलापुरात सांगितली जाते. तथापि, पोलिसांच्या गोळीबारात शंकर शिवदारे हा ध्वजधारी तरुण ठार झाला. संतप्त जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकी व न्यायालयाची इमारत पेटविली.

== लष्करी कायदा व खटला ==
पुढील काही दिवस शहरावर सरकारचा अंमल उरला नव्हता. १२ मे रोजी लष्करी कायदा जारी झाला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. या काळात राष्ट्रध्वज मिरविणे हादेखील दंडनीय अपराध ठरला.

धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ‘गझनफर’ पत्राचे संपादक कुर्बान हुसेन यांच्यावर पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून खटला चालविण्यात आला. जमावाला शांत करण्यासाठी धडपडलेल्या धनशेट्टींनाही त्याच जमावाच्या कृत्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिले निष्फळ ठरली व १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात चौघांना फाशी देण्यात आली.

== स्मृती ==
सोलापुरातील चार हुतात्मा चौकात चौघांचे पुतळे उभारण्यात आले आहेत. दरवर्षी १२ जानेवारीस तेथे त्यांना अभिवादन केले जाते.