सूरश्री केसरबाई केरकर

गोव्यात फोंडा तालुक्यात केरी नावाचे गाव आहे. तेथे १८९२ साली केसरबाईंचा जन्म झाला. त्या कलावंत समाजातल्या. या समाजातील स्त्रियांचे गाणे लोक आवडीने ऐकत, परंतु त्यांना मान देताना मात्र हात आखडता घेत. बाईंचा स्वभाव समजून घ्यायचा तर ही गोष्ट आपण ध्यानात ठेवली पाहिजे.

आठव्या वर्षी त्या कोल्हापुरास अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकू लागल्या. पण ती तालीम काही महिन्यांतच थांबली. पुढे रामकृष्णबुवा वझे, बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले असे गुरू मिळाले आणि सुटले. अखेर १९२१ साली अल्लादिया खाँसाहेबांनी कठीण अटी घालून त्यांना शिष्या केले. वयाची अठ्ठावीस वर्षे उलटल्यावर बाईंनी पुन्हा नव्याने धडे गिरवले. १९४६ साली खाँसाहेब वारले, तोवर त्यांनी गुरू सोडला नाही.

नाव झाल्यावर लोक त्यांना लहरी व तापट म्हणू लागले. बिदागी भारी मागत, रेडिओवर गात नसत, ध्वनिमुद्रिकाही थोड्याच दिल्या. आपला आवाज पानाच्या दुकानात वाजू नये, असे त्यांना वाटे म्हणतात. आम्हांला यात गर्व दिसतो, तसा स्वाभिमानही दिसतो. ज्यांच्या कलेची किंमत इतरांनी ठरवली, त्या घराण्यातील या बाईने ती स्वतः ठरवली.

१९४८ साली कलकत्त्यास त्यांना ‘सूरश्री’ ही पदवी मिळाली, १९६९ साली पद्मभूषण. आवाज उतरण्याआधीच, १९६४ च्या सुमारास, त्यांनी जाहीर गाणे थांबवले. विद्या देण्यात मात्र त्यांचा हात फार आखडता राहिला. धोंडूताई कुलकर्णी याच त्यांच्या एकमेव शिष्या म्हणून ओळखल्या जातात.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांतील सोनेरी तबकडीवर जगातील निवडक संगीतात केसरबाईंची भैरवीही आहे. दुसरे यान ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला बाई वारल्या. २०१२ साली त्यांतील एक यान सूर्याच्या प्रभावकक्षेपलीकडे गेले. पानाच्या दुकानापासून जपलेला तो आवाज आता ताऱ्यांच्या वाटेवर आहे.

केरीस आज त्यांच्या नावाची शाळा आहे. बाईंनी थोड्यांनाच शिकवले, तेथे मात्र गावची मुले शिकतात. शिकवणाऱ्या आपण सर्वांनी बाईंची चिकाटी घ्यावी, पण हात मात्र सैल ठेवावा.