भट्टीच्या ज्वाळेतील साधक : आंरी म्वासाँ

नदीकाठची वाळू आपण नित्य तुडवितो. परंतु तिच्यात सिलिकॉन नावाचे मूलद्रव्य दडलेले आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. सिलिकॉनचा धातूंशी संयोग झाला म्हणजे जे पदार्थ बनतात, त्यांस सिलिसाइड म्हणतात. या पदार्थांच्या अभ्यासास मोठी चालना देणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासाँ यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

म्वासाँ यांचा जन्म २८ सप्टेंबर १८५२ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रेल्वेत नोकरीस होते. आई शिवणकाम करून संसारास हातभार लावी. घरच्या ओढग्रस्तीमुळे विश्वविद्यालयाचे द्वार उघडणारी परीक्षा न देताच १८७० मध्ये त्यांना शाळा सोडावी लागली. काही काळ त्यांनी घड्याळजीकडे उमेदवारी केली आणि पुढे ते एका औषधांच्या दुकानात राहिले. तेथेच त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली. राहिलेली परीक्षा त्यांनी १८७४ मध्ये उत्तीर्ण केली.

फ्लोरीन हा वायू वेगळा करण्याच्या खटपटीत पूर्वी काही संशोधकांनी प्राण गमावले होते. म्वासाँ यांनाही विषबाधेमुळे अनेकदा काम थांबवावे लागले. पण त्यांनी ते सोडले नाही. २६ जून १८८६ रोजी प्लॅटिनमच्या नळीत विजेच्या साहाय्याने त्यांना यश आले. त्या वायूचा स्पर्श होताच सिलिकॉनचे स्फटिक पेटून उठले. हीच त्या वायूची ओळख ठरली!

१८९२ मध्ये त्यांनी विजेची भट्टी सिद्ध केली. चुन्याचे दोन ठोकळे, दोन कार्बनच्या कांड्या आणि त्यांमधील प्रखर ज्योत, एवढीच तिची रचना. परंतु तीत तीन हजार अंशांहून अधिक उष्णता निर्माण होई. या भट्टीमुळे लोह, क्रोमियम, व्हॅनेडियम आदी धातूंच्या सिलिसाइडांचा अभ्यास त्यांना करता आला. लिथियमचे सिलिसाइडही त्यांनी १९०२ मध्ये तयार केले. आपण कृत्रिम हिरे बनविले, असा त्यांचा समज होता. तो मात्र पुढील संशोधकांच्या कसोटीस उतरला नाही. थोर माणसेही चुकतात, हेही आम्हांस येथे नमूद केले पाहिजे.

आज लोह-सिलिकॉनचा मिश्रधातू वितळलेल्या पोलादातील ऑक्सिजन काढून टाकण्यास वापरतात. मॉलिब्डेनमचे सिलिसाइड तापले म्हणजे त्यावर काचेसारखा पातळ थर धरतो व आतील भाग जळत नाही. म्हणून प्रखर भट्ट्यांतील तापणाऱ्या कांड्या त्याच्या करतात. टायटॅनियम, कोबाल्ट व निकेल यांची सिलिसाइडे संगणकाच्या चिपमध्ये वीज वाहून नेतात. सिलिकॉनयुक्त विद्युत्-घट भारित होताना लिथियम व सिलिकॉन यांचा असाच संयोग होतो.

१९०६ मध्ये म्वासाँ यांना नोबेल पारितोषिक लाभले. पण लगेच २० फेब्रुवारी १९०७ रोजी वयाच्या चोपन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. परीक्षेवाचून शाळा सोडलेला हा मुलगा विश्वविख्यात झाला. एखाद्या परीक्षेच्या अपयशाने खचणाऱ्या आमच्या मित्रांनी या चरित्राचे स्मरण ठेवावे.