भिंतीपलीकडे पोचलेल्या लहरी

रिमोटचं बटण दाबलं की टीव्हीचा चॅनल बदलतो. मधे वायर नाही, मग निरोप जातो कसा? सातवी-आठवीची मुलं हे विचारतातच. उंब्रजमध्ये अशा मुलांचा मी रविवारी वर्ग घेते. लहरींचा धडा आला की आधी जगदीशचंद्र बोस यांची गोष्ट सांगते.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, आज बांगलादेशात असलेल्या मैमनसिंगचा. वडील सरकारी अधिकारी, तरी मुलाला घातलं साध्या बंगाली शाळेत. केंब्रिजला शिकून आल्यावर १८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले. पण भारतीय प्राध्यापकाला पगार इंग्रजापेक्षा कमी! बोस यांनी तीन वर्षं चोख शिकवलं, पगाराला मात्र हात लावला नाही.

याच काळात, १८८७ मध्ये, त्यांचं लग्न झालं. पत्नी अबलाबाई मद्रासला डॉक्टरकी शिकायला गेलेल्या. खर्च भागेना म्हणून दोघं चंदननगरला राहिले. त्यांच्या चरित्रात येतं, की बोस होडीनं हुगळी ओलांडून कॉलेजला जायचे आणि अबलाबाई होडी वल्हवत परत आणायच्या. शेवटी सरकार नमलं, मागचा सगळा पगार मिळाला. तो वडिलांचं कर्ज फेडण्यात गेला.

प्रयोगाला जागा मिळाली ती एवढीशी खोली. तिथे त्यांनी काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतलहरी तयार केल्या. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये या लहरींनी भिंतीपलीकडे, सुमारे ७५ फुटांवर घंटा वाजवली, दारू उडवली. तीही तारेशिवाय!

साहित्य काय होतं? रेल्वेच्या वेळापत्रकाचं जाड पुस्तक, पानापानांत कथलाचा पातळ पत्रा घातलेला. ते फिरवलं की लहरी कधी पलीकडे जात, कधी अडत. पिळलेला तागही त्यांनी वापरला. हे मुलांना दाखवायला खिडकीचे उभे गज पुरतात. दोरी गजांमधून ओवून एक टोक पलीकडे बांधा. दुसरं टोक वरखाली हलवलं तर लाट पलीकडे जाते, डावीउजवीकडे हलवलं तर गजांशी अडते. मुलांना लगेच कळतं.

मग सांगायचं, की रिमोटमधून निघणारा न दिसणारा प्रकाश ही लहरच. रेडिओ, मोबाईल, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळं लहरींवरच चालतं. आपल्या पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपतात.

बोस २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गेले. अबलाबाईंनी १९१९ मध्ये नारी शिक्षा समिती काढून बंगालमधल्या मुलींसाठी शाळा उभ्या केल्या होत्या, विधवांना शिकवून पायावर उभं केलं होतं.

ही गोष्ट सांगताना पगाराचा भाग मी कधीच गाळत नाही. आपल्याकडे शेतात त्याच दिवसभराच्या कामाला बाईची हजेरी गड्यापेक्षा कमी असते आणि वर्गातल्या कितीतरी मुलींच्या आया ती घेतात. लहरींबरोबर मुलींना हेही कळू दे, की सारख्या कामाला सारखा दाम मागणं हा उद्धटपणा नाही.