एव्हारिस्त गाल्वा: लिनक्सच्या रेड ६ मागचा विशीतला गणिती



मागच्या वर्षी माझ्या लिनक्स डेस्कटॉपमधलं रेड कार्ड बंद पडलं. चारही हार्ड डिस्क ठणठणीत होत्या, पण त्यांच्यावर डेटा कसा मांडलाय हे फक्त त्या कार्डलाच कळत होतं. तसंच जुनं कार्ड शोधण्यात तीन आठवडे गेले. मग मी हार्डवेअर रेड सोडून सॉफ्टवेअर रेड ६ वर यायचं ठरवलं. कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी रेड ६ डेटा परत कसा आणतं, हे वाचताना एक नाव सारखं समोर येत होतं: गाल्वा. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

एव्हारिस्त गाल्वाचा जन्म २५ ऑक्टोबर १८११ रोजी पॅरिसजवळच्या बूर-ला-रेन इथे झाला. वडील तिथले नगराध्यक्ष. शाळेत त्याला गणिताचं असं वेड लागलं की बाकीचे विषय मागे पडले. जुलै १८२९ मध्ये वडिलांनी आत्महत्या केली. त्यानंतर काही दिवसांतच त्याने एकोल पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा दिली आणि दुसऱ्यांदा नापास झाला.

द्विघाती समीकरणाचं सूत्र आपण दहावीत शिकतो. पाचव्या घातासाठी असं सरसकट सूत्र नसतं, हे नॉर्वेच्या आबेलने दाखवलं होतं. मग नेमकी कोणती समीकरणं सुटतात आणि कोणती नाही, हे कसं ओळखायचं? गाल्वाने याचं उत्तर शोधलं आणि १८३० च्या सुरुवातीला आपला निबंध फ्रेंच अकादमीकडे दिला. तो तिथले सचिव फूरिये यांच्याकडे गेला. मे महिन्यात फूरिये वारले आणि निबंध पुन्हा सापडलाच नाही. पुढच्या वर्षी त्याने तो नव्याने लिहून दिला. या वेळी प्वासाँ यांना तो समजला नाही, म्हणून परत आला.

त्याचा एक छोटा लेख मात्र जून १८३० मध्ये छापून आला. त्यात मोजक्याच संख्यांची एक दुनिया होती. तिथे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार काहीही करा (शून्याने भागणं सोडून), उत्तर त्याच संख्यांपैकी एक येतं. आज तिला गाल्वा फील्ड म्हणतात.

गाल्वा कट्टर प्रजासत्ताकवादी होता. त्यापायी कॉलेजमधून काढून टाकलं गेलं, तुरुंगवासही झाला. ३० मे १८३२ ला पिस्तुलांचं द्वंद्वयुद्ध ठरलं. आदल्या रात्री त्याने मित्र ऑग्युस्त शेवालिएला लांबलचक पत्र लिहिलं. सगळा सिद्धांत त्याने त्या एका रात्रीत लिहिला ही दंतकथा आहे. काम आधीच झालेलं होतं, त्या रात्री त्याने त्याचा सारांश लिहिला आणि कागदांवर दुरुस्त्या केल्या. सकाळी पोटात गोळी लागली. ३१ मे ला इस्पितळात तो गेला, तेव्हा वय होतं फक्त २०.

शेवालिए आणि धाकटा भाऊ आल्फ्रेड यांनी त्याच्या कागदांच्या प्रती करून गणितज्ञांना पाठवल्या. शेवटी १८४६ मध्ये लिऊव्हील यांनी त्याचं काम आपल्या नियतकालिकात छापलं.

आता परत डिस्ककडे येऊ. एका बाइटच्या २५६ किमती असतात. रेड ६ त्यांनाच गाल्वा फील्ड मानतं. डेटासोबत ते पी आणि क्यू असे दोन तपासणीचे तुकडे ठेवतं. पी म्हणजे सगळ्या डेटा तुकड्यांचा साधा एक्सॉर. क्यू काढताना प्रत्येक डिस्कचा बाइट आधी वेगवेगळ्या संख्येने गुणतात. डेटाचे दोन तुकडे गेले की दोन अज्ञात आणि दोन समीकरणं उरतात. दहावीतली एकसामयिक समीकरणंच ही! ती सोडवायला भागाकार लागतो. नेहमीच्या आकड्यांत तिथे अपूर्णांक आला असता, पण गाल्वाच्या दुनियेत उत्तर पुन्हा एका बाइटमध्येच बसतं.

हे गणित एकेकाळी प्रोसेसरला जड जायचं, म्हणून वेगळं कार्ड लागायचं. आता साधा डेस्कटॉपही ते सहज करतो. कोणती पद्धत सगळ्यात वेगवान आहे, हे लिनक्स कर्नल स्वतःच तपासून ठरवतं. महत्त्वाचं म्हणजे एमडी रेडच्या मांडणीची माहिती डिस्कवरच, खुल्या स्वरूपात असते. मशीन बिघडलं तर डिस्क काढा, दुसऱ्या लिनक्स मशीनला लावा, एमडीएडीएम त्या ओळखून जोडतं. चांगल्या कार्डाचा एक फायदा खरा आहे: बॅटरीवाली कॅश असल्याने वीज गेली तरी अर्धवट लिहिलेला डेटा वाचतो. त्यासाठी मी यूपीएस लावलाय.

आणि हो, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेली फाइल सगळ्या डिस्कवरून एकदमच जाते. म्हणून माझी एक प्रत आता भावाच्या घरी असते. फूरियेंकडे गेलेल्या त्या निबंधाची दुसरी प्रत कुणाकडे असती, तर गाल्वाला तो पुन्हा लिहावा लागला नसता.