लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि जड चाक

आपल्या मंद्रूप भागात ज्वारी आली की कडबा आला, आणि कडबा आला की तो बारीक करायचं यंत्र आलंच. सोसायटीत आपण बहुतेक नोकरीधंदेवाले असलो, तरी गावाकडचा गोठा पुष्कळांचा सुटलेला नाही. म्हणून या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत मी लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी लिहितो.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला झाला. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंग नीट ओळखू येत नाहीत असं कळलं. मग ते यंत्रांची ड्रॉइंग शिकले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवूही लागले. नंतर बंधू रामूअण्णांसोबत बेळगावात सायकलचं दुकान चालवलं. तिथेच कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करायला सुरुवात झाली.

हाताने फिरवायच्या कडबा यंत्राचं चाक मुद्दाम जड का करतात? जड चाक सुरू करायला जोर जास्त लागतो, पण एकदा फिरलं की सहजी थांबत नाही. पाती जाड ताटाला अडली तरी चाकाची गती तिला पार नेते. यालाच जडत्व म्हणतात, आणि वस्तुमान म्हणजे त्याचं माप. त्यातही वजन घेराकडे असेल तर परिणाम वाढतो. गती टिकवायला जोर लागतो असं आपल्याला वाटतं. खरं तर जोर लागतो गती बदलायला. चाक मंदावतं ते घर्षणामुळे आणि कापण्यात जोर खर्च होतो म्हणून.

लोखंडी नांगराने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांना भीती होती. पहिले नांगर खपायला फार दिवस गेले, पण लक्ष्मणरावांनी चिकाटी सोडली नाही. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले.

आता कडबा कुट्टी विजेवर चालते, पण जडत्वाचा नियम तोच आहे. बटण बंद केलं तरी चाक लगेच थांबत नाही. सुट्टीत गावी जाल तेव्हा घरच्या पोरांना एवढं नक्की सांगा: चाक पूर्ण थांबल्याशिवाय आत हात घालायचा नाही.